नव्या गोळीचा वानवळा

प्रश्न विचारणारी माणसं दवाखान्यात कोणालाच आवडत नाहीत. नर्सला आवडत नाहीत, कारण तिचे दोन्ही हात कामात असतात. डॉक्टरला आवडत नाहीत, कारण बाहेर रांग असते. आणि रांगेतल्या लोकांना तर मुळीच नाहीत, कारण असं माणूस एकदा आत गेलं की बाहेर यायचं नाव घेत नाही. मला मात्र ही माणसं आवडतात. मुंडी हलवून ‘हो हो’ म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते, कारण त्यांना काय कळलं आणि काय नाही हे घरी गेल्यावरच उघड होतं, आणि तेही भलत्याच वेळी. राहू गावच्या गिताबाई कोळपे मुंडी हलवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

ही गोष्ट २००३ सालची. शिरूरला डॉक्टर पलांडे यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या मुलांना रक्ताचा कॅन्सर होता, त्यांचे मोठे उपचार पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात चालत. मधल्या काळातल्या रक्ततपासण्या, गोळ्या, ताप-खोकला हे सगळं आमच्याकडे. त्या रुग्णालयाने एका नव्या औषधाची चाचणी सुरू केली होती आणि तिचं इथलं काम बघायला मला नेमलं होतं. माझ्या हुद्द्याचं नाव कोऑर्डिनेटर. माझ्या आईला ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ती शेजारणींना सांगायची, ‘आमची पोरगी दवाखान्यात आहे, पण नर्स नाही.’ पुढचं विचारलं की विषय बदलायची.

चाचणी कसली होती ते साध्या शब्दांत सांगते, कारण गिताबाईंनाही ते साध्याच शब्दांत सांगावं लागलं. काही मुलांचा कॅन्सर औषधाने जातो आणि वर्ष-दोन वर्षांनी उलटतो. उलटलेल्या आजाराला पहिल्यापेक्षा कडक इंजेक्शनं द्यावी लागतात. त्याने काही मुलं वाचतात, काही वाचत नाहीत. त्या इंजेक्शनांच्या जोडीला एक नवी गोळी दिली तर जास्त मुलं वाचतील का, हे बघायचं होतं. म्हणून निम्म्या मुलांना नुसती इंजेक्शनं आणि निम्म्यांना इंजेक्शनं अधिक गोळी. कोणाला काय, हे कॉम्प्युटर ठरवणार.

गिताबाईंची स्वप्नाली, म्हणजे त्यांची सपनी, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा आजार उलटला होता. गिताबाई पस्तिशीच्या असतील. उंच, काटक, आणि चालणं असं की बरोबरचा माणूस कायम दोन पावलं मागे. त्यांचे सासरे म्हस्कूआबा उमेदीत मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन यायचे. मग राहूला पाणी आलं, ऊस आला, झेंडू आला, भावकीत मिळून एक गुऱ्हाळ झालं आणि घराणं एका जागी बसलं. तरी आबांनी चार मेंढरं ठेवलीच होती. ती नसली की त्यांना झोप लागत नाही असं गिताबाई सांगायच्या, आणि ती असली की आम्हाला लागत नाही, हेही लगेच जोडायच्या. नवरा हनुमंत शेती बघायचा. गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा. घरातलं बोलणं बायकोने आधीच संपवलेलं असे, तो तरी काय करणार.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवून चाचणीबद्दल सांगितलं. हनुमंत जमिनीकडे बघत होता. गिताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “साहेब, ही नवी गोळी चांगली हाय का?”

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मंग कुणाला म्हाईत हाय?”

“अजून कोणालाच नाही. म्हणून तर बघायचंय.”

या जागी बरेच आईबाप उठतात. ज्याला माहीत नाही तो कसला डॉक्टर, असं त्यांना वाटतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मला वाटलं, आता ह्याही उठणार. गिताबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

मग त्यांनी डॉक्टरांना जे धरलं ते सोडेनात. आधी कोणी खाल्ली ही गोळी? उंदरांनी, मग कॅन्सर झालेल्या मोठ्या माणसांनी, मग किती सोसते हे बघायला काही मुलांनी. ती मुलं कुठली? परदेशातली, काही आपल्याकडची. त्यांचं काय झालं? काही बरी झाली, काही नाही. पण ती बरी झालेली गोळीने झाली की इंजेक्शनाने हे सांगता येत नाही. कॉम्प्युटर कुठं असतो? मुंबईला. त्याच्यापुढं कोण बसतं? त्याला पोरीचं नाव दिसतं का? दिसत नाही. मग आयांनाच का निवडू देत नाही? डॉक्टर म्हणाले, सगळ्या आया नवीच मागतील, आणि मग नवी चांगली की जुनंच पुरेसं हे जन्मात कळायचं नाही.

हे शेवटचं ऐकून गिताबाईंनी आपल्या सासऱ्यांची चुगली केली. कोणीतरी मेंढरांच्या जंतावर नवं औषध आणलं होतं. आबांनी ते कळपातल्या धट्ट्याकट्ट्या मेंढरांना पाजलं, कारण मरतुकड्यांवर औषध कशाला घालवा. सगळी मेंढरं छान राहिली. आबा दोन वर्षं गावभर त्या औषधाचे गोडवे गात फिरले. ती मेंढरं औषधाविनाही छानच राहिली असती हे त्यांना सांगायला गेलं, तर अजूनही काठी उगारतात. डॉक्टर पोट धरून हसले. पुढे मी ही मेंढरांची गोष्ट कितीतरी आईबापांना सांगितली आणि ज्यांना कॉम्प्युटरचं कोडं उलगडत नव्हतं, त्यांना ती बरोबर कळली.

हनुमंताने सही केली, गिताबाईंनी केली. त्यांचं नशीब म्हणा, सपनीला नवी गोळी निघाली.

त्याच दिवशी कारेगावच्या सुदर्शनचाही निकाल आला. त्याला नुसती इंजेक्शनं. सुदर्शन सात वर्षांचा. त्याचे वडील रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होते. आई सुवर्णा फुलशेती करणाऱ्या घरातली, लग्न होऊन कारेगावच्या भाड्याच्या खोलीत आलेली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. ‘बरं’ म्हणाली, उठली आणि जिन्यात जाऊन रडली. मी तिला समजावलं की जुनं म्हणजे कमी नव्हे, कोणती बाजू चांगली हे खरंच ठाऊक नाही. ती ‘हो हो’ म्हणाली. सांगितलं ना, मला याचीच भीती वाटते.

दोघींची गाठ आमच्या बाकावर पडली आणि जमलं. एक बोलणारी, एक ऐकणारी. जमायला आणखी काय लागतं. गिताबाई राहूहून पारगाव, न्हावरं करत कधी एस.टी.ने, कधी वडापच्या जीपने यायच्या. सुवर्णाला कारेगावहून यायला फारसा वेळ लागत नसे, तरी ती लवकर येऊन गिताबाईंसाठी जागा धरून ठेवायची. दोघींचे डबे एकत्र उघडायचे. सपनी सुदर्शनला दादागिरी करून पाढे म्हणायला लावायची आणि तो चुकला की तिला कोण आनंद व्हायचा.

गिताबाई कधी मोकळ्या हाताने आल्या नाहीत. गुऱ्हाळ लागलं की पहिली काकवी आमच्याकडे. नव्या गुळाची ढेप फुटली की डॉक्टरांना, मला, नर्सला, झाडूवाल्या नकुशीमावशींना, सगळ्यांना कागदात बांधून एकेक खडा. झेंडूचा पहिला तोडा आला की दवाखान्याच्या दाराला तोरण. मी एकदा नको म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की पुन्हा म्हटलं नाही. घरात नवं काही आलं की त्यातलं थोडं आधी शेजारी, सोयऱ्यांत जायचं. वानवळा द्यायचा आणि मग आपण खायचं. त्यांच्याकडे हा नियम वाटत नसे, तो श्वासासारखा चालायचा.

नवी गोळी मात्र दिसायला साधी असली तरी सोपी नव्हती. सपनीचे तळहात लाल झाले, सोलायला लागले. तोंडात फोड आले. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की डॉक्टरांनी त्या खेपेपुरती गोळी थांबवली. पेशी पुन्हा वर आल्यावर पुढची खेप नव्या बाटलीने सुरू करायची. उरलेल्या गोळ्या परत आणून द्यायच्या. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. मी बाटली मागितली. गिताबाई म्हणाल्या, घरी राहिली, पुढच्या खेपेला आणते. त्या बहिणीकडून परस्पर आल्या होत्या, त्यामुळे त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

पुढच्या खेपेला मात्र बाकावर सुवर्णा नव्हती. सुदर्शनला ताप भरला होता आणि त्याला पुण्याला हलवलं होतं. त्याच्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. इंजेक्शनांनी पेशी कमी होतात, पण इतक्या आणि या वेळी व्हायला नको होत्या. पुण्याचे डॉक्टर म्हणत होते की आजारच पुन्हा डोकं वर काढतोय असं दिसतं. पलांडे डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. गिताबाई बाटली पुन्हा विसरल्या होत्या, पण त्या दिवशी माझंही तिकडे लक्ष नव्हतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी गिताबाई दारात उभ्या. त्यांचा वार नव्हता. सपनी बरोबर नव्हती, हातात पिशवी नव्हती. मी विचारलं, काय झालं? काही न्हाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. रांग संपेपर्यंत बसून राहिल्या. एकालाही एक प्रश्न विचारला नाही. तेव्हाच मला चिंता वाटायला लागली.

दवाखाना रिकामा झाल्यावर त्या माझ्या टेबलाजवळ आल्या. “ताई, एक इचारू? आजारानं तळहात लाल व्हत्यात का?”

मी म्हटलं, आजाराने नाही. इंजेक्शनांनीही सहसा होत नाहीत. ते त्या गोळीचं लक्षण आहे.

“सोलत्यात बी गोळीनंच?”

“हो. का हो? सपनीचे पुन्हा सोलतायत का?”

“सपनीचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “सुदर्शनचं.”

पुण्याच्या डॉक्टरांना ते हात दिसले नव्हते असं नाही. पण तापात मुलांचे हात लाल होतात, आणि ज्या मुलाला गोळीच नाही त्याच्या हातांवरून गोळीचा संशय कोण घेणार? मी गिताबाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर सुवर्णाने राहूच्या किराणा दुकानात फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं आणि रडत सगळं सांगितलं होतं. हाडातलं पाणी काढून आजार परतलाय का ते बघणार आहेत. ते खराब निघालं तर आता उपचार पुरे, पोराला घरी न्या असं म्हणतील. तळहाताचंही तिनेच सांगितलं होतं. आणि कोणाला काही बोलू नको म्हणून गळ्याची शपथ घातली होती.

“कशाबद्दल बोलू नको?” मी विचारलं. खरं तर तोवर मला कळून चुकलं होतं. पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

“उरलेल्या गोळ्या म्या सुवर्णाला दिल्या.”

माझा संताप माझ्या आवाक्यात राहिला नाही. मी म्हटलं, “गिताबाई, गोळी म्हणजे काय गूळ आहे का वाटायला?”

त्यांनी मान खाली घातली नाही. रागावलेल्या माणसाकडे लोक बघतात तशाही बघत नव्हत्या. मला खरोखर समजावून सांगत होत्या. “माझ्या घरी नवं आलं, तिच्या घरी न्हाई आलं. आन् शिल्लक व्हतं, ताई. तिचं लेकरू समोर बसलेलं. म्या एकटीनं कसं ठेवायचं?”

मी डॉक्टरांना हाक मारली. गिताबाईंनी त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही न लपवता, काही न सजवता. किती गोळ्या दिल्या, सुवर्णाने त्या सपनीच्याच वेळा विचारून घेऊन रोज कशा दिल्या, सगळं. मग त्यांनी हात जोडले. “साहेब, मला काय शिक्षा करायची ती करा. माझ्या पोरीची गोळी तेवढी बंद करू नका.”

त्या बाईने काय पणाला लावलं होतं हे मला तेव्हा नीट दिसलं. तिचा त्या गोळीवर विश्वास बसला होता. चांगली की वाईट ते कोणाला माहीत नाही, हे तिनेच डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं होतं आणि तिला ते समजलंही होतं. पण आई म्हणून मनात एक धरलेलं असतंच. ती गोळी म्हणजे सपनीचा जीव असं धरून ती चालली होती. आणि ती हातातून जाईल या धास्तीत असतानाही ती तीन गाड्या बदलून, शपथ मोडून, शिरूरला आली होती, कारण सुदर्शनला उगाच घरी पाठवतील.

डॉक्टर म्हणाले, शिक्षा म्हणून कोणाचं औषध बंद होत नाही. पण पुढे चालू ठेवायचं की नाही हे मी एकटा ठरवत नाही, पुण्याला समिती आहे, ती ठरवेल. आणि ते लगेच फोनकडे वळले.

सुदर्शनचं हाडातलं पाणी काढायचं पुढे ढकललं. त्याच्या औषधांत त्या मानाने बदल केले, रक्त दिलं, ताप उतरवला आणि वाट बघितली. पेशी हळूहळू वर आल्या. आजार उलटला नव्हता. पोर गोळीने आडवं झालं होतं. पुढे त्याचे जुनेच उपचार पहिल्यासारखे सुरू झाले.

इकडे समितीचा निर्णय यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात किराणा दुकानातून गिताबाईंचा रोज फोन. मी ‘अजून नाही’ म्हणायची, त्या ‘बरं’ म्हणायच्या आणि तरी फोन ठेवायच्या नाहीत. समितीत कोण कोण असतं, त्यांना लेकरं हायत का, ते बसून बोलतात का चिठ्ठी टाकतात, आणि सुदर्शनला आता कशात धरायचं, नव्यात का जुन्यात? हा शेवटचा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. कॉम्प्युटरने ज्यात घातलं त्यातच धरायचा, जुन्यात, असं ते म्हणाले. गिताबाईंना हे अजिबात पटलं नाही. गोळी तर त्यानं खाल्ली की, असं त्यांचं म्हणणं. सांगून सांगून माझा घसा बसला.

शेवटी सपनीची गोळी चालू राहिली. मात्र पुढच्या बाटल्या आमच्या कपाटात राहिल्या आणि गिताबाईंना थोड्या थोड्या दिवसांच्याच मिळू लागल्या. दुसरा एक बदल असा झाला, की आईबापांना द्यायच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढली. तिचा मराठी मसुदा मी केला: ‘हे औषध उरल्यास कोणालाही वानवळा म्हणून देऊ नये.’ वरून विचारणा आली की हा शब्द काय आहे, याऐवजी ‘हस्तांतरित’ लिहावा का. मी कळवलं, की हस्तांतरित लिहिलंत तर आमच्याकडे सगळे खुशाल वानवळा देतील. ओळ तशीच राहिली. माझ्या अख्ख्या नोकरीत मी जिंकलेलं हे एकमेव भांडण.

सुवर्णा गिताबाईंशी बरेच दिवस बोलली नाही. शपथ मोडली म्हणून. पोर वाचलं ते त्याच मोडलेल्या शपथेने, हे तिला कळत होतं, पण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. गिताबाईही मागे लागल्या नाहीत. मग एका खेपेला सुवर्णाने आपला डबा उघडला आणि काही न बोलता गिताबाईंच्या पुढ्यात सरकवला. दोघी जेवल्या. मेथीची भाजी होती.

सपनीला बरं वाटू लागलं. जूनमध्ये ती शाळेत गेली. डोक्यावर केस नीट आले नव्हते म्हणून टोपी घालून जायची आणि कोणी हसलं तर मारून यायची. दिवाळीला ती आमच्याकडे फराळ घेऊन आली तेव्हा मी तिला उचलायला गेले, तर मला उचलवेना, इतकी भरली होती. संक्रांत झाली आणि आजार पुन्हा उलटला. आता पुढे द्यायला काही उरलं नव्हतं. गिताबाईंनी ‘काहीच का न्हाई?’ असं एकदा विचारलं, डॉक्टरांनी ‘काहीच नाही’ सांगितलं. सपनी उन्हाळ्यात राहूला घरीच वारली. तिचं दुखणं कमी करायची औषधं घेऊन मीच जात होते, त्यामुळे मला ते सगळं बघावं लागलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. मला अजून ते सहन होत नाही.

चाचणी संपायला आणि हिशेब लागायला आणखी चार वर्षं गेली. मधल्या काळात माझी राहूकडे काही कामाने फेरी झाली, की गिताबाई बांधावरूनच विचारायच्या, “ताई, कळलं का?” बाकी लोक मला टाळायचे. जिचं लेकरू गेलं तिच्यापुढे दवाखान्याचं माणूस म्हणजे जखमेवर बोट. ह्या मात्र मला थांबवून विचारायच्या आणि ‘अजून नाही’ म्हटलं की ‘बरं, कळलं की सांगा’ म्हणून पुन्हा झेंडू तोडायला लागायच्या.

२००८ साली कळलं. डॉक्टरांनी मला कागद वाचायला दिले आणि विचारलं, राहूला कोण जाणार? खरं तर निकाल घरोघर जाऊन सांगायची पद्धत नव्हती. ज्यांची मुलं गेली त्यांना तर कोणीच सांगत नाही. पण गिताबाईंना कबूल केलेलं होतं. मी म्हटलं, मी जाते.

गुऱ्हाळ चालू होतं. कढईवर वाफ आणि बाहेर चिपाडाचा ढीग. गिताबाईंनी मला बघितलं आणि पदराला हात पुसत आल्या. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं, कारण नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आम्ही झाडाखालच्या बाजेवर बसलो.

मी सरळ सांगितलं. गोळी चांगली नव्हती. ज्या मुलांना गोळी दिली आणि ज्यांना नाही दिली, दोन्हींकडे जवळपास सारखीच मुलं वाचली. उलट गोळीवाल्यांना त्रास जास्त झाला. जुनी इंजेक्शनंच बरी.

त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांच्या सवयीप्रमाणे सुरू झाल्या. किती लेकरं होती एकूण? सगळीकडं असंच निघालं का आमच्याकडंच? मापात काही चूक तर झाली नसंल? सुदर्शन कसा हाय? मी सांगितलं की सुदर्शन सातवीत आहे, उपचार केव्हाच संपलेत. त्यांनी मान डोलावली. हे त्यांना माहीत होतं. सुवर्णाचा फोन येत असे. त्यांना बहुधा ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“म्हंजी आता ही गोळी कुणाच्या लेकराला द्यायचं न्हाईत?”

“नाही. या आजाराला नाही देणार.”

“हिकडं बी न्हाई आन् मुंबईला बी न्हाई?”

“कुठेच नाही.”

त्यांनी हनुमंताला हाक मारली. तो कढईजवळचं काम दुसऱ्याच्या हाती देऊन आला आणि उभाच राहिला. गिताबाई मला म्हणाल्या, ह्यांना तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर मी काहीतरी पदरचं घालून सांगते असं वाटायचं. मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. हनुमंत ऐकत होता. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला कधी काही विचारलं नव्हतं. आता त्याने विचारलं, पण बघत होता बायकोकडे.

“मंग आपुन चुकलो का, सपनीची आई? आपुन सही केली ती?”

मी तोंड उघडलं होतं. गिताबाईंनी हाताने मला थांबवलं.

“चुकलो कसं? तवा कुणालाच ठाव न्हवतं. डॉक्टरास्नी बी न्हवतं. आपली सपनी त्यात व्हती म्हणून ठाव झालं.”

हनुमंत तिच्या शेजारी बाजेवर बसला. गिताबाई त्याच्या खांद्याला डोकं लावून रडल्या. मी तिथेच बसून राहिले. कढईवरचा माणूस दोनदा हाक मारून गेला, पण दोघांपैकी कोणी उठलं नाही.